वाळू लागली

आनंदाचे सदरे धुणं हे हिराचं सगळ्यात नावडतं काम. मासळीचा धंदा म्हटल्यावर सदऱ्याला वास येणारच, आणि नाटे गावच्या बंदरात वाढलेल्या बाईला त्याचं काही वाटत नाही. पण आनंदा मासळी न्यायचा मोटरसायकलवरून. त्यामुळे बांगड्याच्या वासात पेट्रोल, ऑइल आणि वरच्या सड्याची, म्हणजे कातळपठाराची, तांबडी धूळ मिसळायची, आणि या सगळ्याचा मिळून जो वास व्हायचा तो कुठल्याच साबणाला दाद देत नसे. विहिरीवरच्या बायका तिला चिडवायच्या. "हिरा, नवऱ्याला धुतंस काय गाडीला?" ती म्हणायची, दोघांना वेगळं करता आलं की सांगते.

त्या सकाळी मात्र ती हसली नाही. दगडावर सदरा पसरून घासताना तिला डाव्या खांद्यावर काळा डाग दिसला. ऑइलचे डाग तिला नवे नव्हते. बाहीला, पोटावर, खिशाजवळ असायचेच. हा डाग वेगळा होता. चार बोटं खांद्यावरून पुढे उतरली होती आणि अंगठा मागे पाठीवर टेकला होता. मागे बसलेल्या माणसाने खांदा धरावा तसा.

आनंदा मागे कुणाला बसवतच नव्हता. वर्ष झालं, हिरालासुद्धा बसवलं नव्हतं.

तिने धुण्याच्या ढिगातला दुसरा सदरा काढला. त्याच्यावरही तिथेच डाग होता, जरा फिका. घरी जाऊन तिने ट्रंकेतले धुऊन ठेवलेले सदरे उजेडात धरले. प्रत्येकावर त्याच जागी पुसट, धुऊन धुऊन पिवळा पडलेला पंजा होता. वर्षभर ती तो आपल्या हाताने घासत आली होती, आणि एकदाही तिचं लक्ष गेलं नव्हतं.

गाडी घरात आणली होती आनंदाच्या थोरल्या भावाने, दाजीने. मुंबईच्या गोदीत उमेदीची वर्षं घालवून चौऱ्याऐंशी साली दाजी गावी परतला, तो ट्रकात घालून एक जुनी राजदूत घेऊनच. लग्न केलं नव्हतं. त्यांची आई गोदूबाई म्हणायची, यानं गाडीशीच लगीन लावलंय. गोदूबाईला ती गाडी पहिल्या दिवसापासून खपली नाही. अंगणात गाडी लावून पोरं आत गेली की ती लांबूनच तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, "जी नुसती उबी र्‍हायला पन काठी मागते, तिच्यावर माणसानं कसा काय विश्वास टाकायचा?"

पण गाडीने घराचे दिवस पालटले, हेही खरं. एस्टी यायची तेव्हा यायची, आणि टोपलीतला बर्फ काही तिची वाट बघत थांबत नसे. दोघे भाऊ पहाटे उतरलेली मासळी मागच्या कॅरियरला बांधून घाटी चढायचे, सड्यावरून सरळ राजापूरचा बाजार गाठायचे, आणि दुपारच्या जेवणाला घरी हजर. राजापुरातल्या बायका म्हणायच्या, नाट्याची मासळी अजून डोळे मिटत नाही.

आनंदाला गाडी दाजीनेच शिकवली. आनंदा पुढे, दाजी मागे. वळण जवळ आलं की मागून डाव्या खांद्यावर दोन थापा पडायच्या. दोन थापा म्हणजे हळू. आनंदा हळू करायचा, गाडी वळायची, पुन्हा रस्ता सरळ. शिकून झाल्यावरही ही पद्धत तशीच राहिली. दाजीच्या थापेवर आनंदाचा इतका भरवसा, की तो वळणाकडे बघायचाच नाही, लांब समुद्राकडे बघायचा. "डोळं पुडं ठेव रे," म्हणून दाजी ओरडायचा, आणि आनंदा हसायचा.

आणि हिराचं काय? हिराचाही त्या गाडीत जीव होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बंदर ते विहीर आणि विहीर ते बंदर एवढंच तिचं जग होतं. एका दुपारी आनंदा तिला मागे बसवून सड्यावर घेऊन गेला. पाऊस नुकता संपलेला, कातळभर पिवळी फुलं, आणि इतका वारा की पदर दातांत धरावा लागला. ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडली, उगीचच. सड्यावर दुपारी चिटपाखरू नसतं. तिथे आनंदाने तिला पुढे बसवून गाडी शिकवली. गावात कळलं असतं तर बायकांनी तिला विहिरीवर उभंही केलं नसतं. क्लच सोडताना गाडी गचके द्यायची, हिरा किंचाळायची, आनंदा मागे बसून पोट धरून हसायचा. पुढे तिला चांगली जमायला लागली. तिच्या दोन्ही हातांत एवढं मोठं धूड थरथरायचं आणि तरी ती नेईल तिकडे जायचं. एवढं ऐकणारं दुसरं काहीच तिच्या आयुष्यात नव्हतं.

मागच्या कार्तिकात आनंदा तापाने पडला आणि दाजी एकटाच मासळी घेऊन गेला. सडा संपून रस्ता खाली उतरतो, समोर लांब समुद्र दिसतो, तिथे एक आडवं वळण आहे आणि वळणावर जुनी सातवीण. कार्तिकात ती फुलली की तिचा उग्र वास रस्त्यावर ओतल्यासारखा साचतो, डोकं धरतं. टोपल्यांतलं बर्फाचं पाणी गळत गळत मागच्या टायरवर येत होतं. मासळी नेणारे सगळेच टोपल्या अशा बांधत, आणि पाणी कुठे गळतं हे कुणी कधी वाकून बघितलं नव्हतं. वळणावर मागचं चाक सरकलं. दाजीच्या मागे थाप मारायला कुणी नव्हतं.

बंदरावरच्या घरांत एक रीत आहे. दर्यात माणूस गेला, तर ज्या होडीतून तो गेला तिच्यातूनच त्याला परत आणायचं. बाराव्या दिवशी घरचं कुणीतरी होडी घेऊन त्या जागी जातं, नावाने हाक मारतं, आणि मागे न बघता परत येतं. इकडे घरातली सगळ्यात वडील बाई नारळ घेऊन लाटेत उभी असते. होडी वाळूला टेकली की ती म्हणते, "उतर, वाळू लागली. घर आलां." मग गेलेला उतरतो, घराचा उंबरा बघतो, आणि त्याच्या पुढच्या वाटेला लागतो. हे बोल जित्या माणसाला कुणी चुकूनही बोलत नाही. पोरांनी खेळताना म्हटलं तर थोबाडीत बसते.

दाजी रस्त्यावर गेला होता. त्या घरात आजवर रस्त्यावर कुणी मेलंच नव्हतं, तेव्हा काय करायचं हे कुणाला ठाऊक असणार? जी रीत माहीत होती तीच केली. बंदराच्या नाक्यावर लवूचं गॅरेज होतं. लवू दाजीचा दोस्त. त्याने गाडीचं वाकलेलं हँडल सरळ करून दिलं. बाराव्याला आनंदा सातविणीपाशी गेला, हाक मारली, आणि दाजीला गाडीवरून घरी घेऊन आला. अंगणात गोदूबाई नारळ घेऊन उभी होती. तिने रडत रडत ते बोल म्हटले. सगळ्यांना वाटलं, झालं.

हे सगळं हिराला त्या दुपारी, सदरे मांडीवर घेऊन बसलेली असताना, एकामागून एक आठवत गेलं.

आनंदा जेवायला आला तेव्हा तिने त्याच्यासमोर सदरा धरला. "अवो, ह्यो हात कुनाचा?"

आनंदाने घास खाली ठेवला. लपवाछपवी त्याला कधीच जमली नव्हती.

"दादाचा," तो म्हणाला.

"काय बोलतंव तुमी..."

"खरां तां बोलतंय. बारावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी काडली. मला वाटला, एकटा कसा जानार? घाटी चढलंव आनी गाडी जड झाली... मानूस बसल्यावर होते तशी. सातविनीच्या वळनावर आलंव, तर खांद्यावर दोन थापा." त्याने डावा हात वाकवून स्वतःच्याच डाव्या खांद्यावर ठेवला. त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. लहानपणी होडीच्या दोरात सापडून गेलेलं. "तवापासून रोज येतो. मागचे फूटरेस्ट मी रात्री मिटून ठेवतंय, सकाळी उगडे आसतात."

"आनी तुमी गप र्‍हायलाव? वर्सभर?"

"भ्या वाटली नाय गो मला. तो हाय म्हनून मी जिता हाय. त्या वळनावर मला एकट्याला गाडी वळवायला येनार नाय. मला म्हायतेय."

हिराला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला राग आला. वर्षभर ती अंगणातून गाडी जाताना बघत होती आणि समजत होती की भावाच्या दुःखाने नवरा आपल्याला सड्यावर नेत नाही. ती जागा रिकामी नव्हतीच. तिथे आधीच कुणीतरी बसलं होतं.

"मेलेल्या मानसाच्या भरवशावर किती दिवस गाडी हाकनार?" तिने विचारलं. "आज थोपटतोय. उद्या त्याला एकटा र्‍हायचा कंटाळा आला, तर? तुमाला सोबत न्यायचा वाटला, तर?"

आनंदा हात धुऊन उठला. हिरा तशीच मागल्या दारी गेली, तिथे गोदूबाई सुकवलेल्या कोलंबीचे सोडे निवडत होती, आणि तिने सासूला सगळं सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "मी त्याला अंगनात सांगितला, वाळू लागली. अंगनात वाळू कुटं हुती गो? ल्योक माजा दर्यावरचा. पायाखाली वाळू लागल्याबिगर तो उतरेल काय?"

दुसऱ्या दिवशी भरती दिवेलागणीच्या सुमाराला होती. आनंदा दाजीला वाळूवर उतरवायला तयार होईना. हिराने त्याला शेवटी सरळच विचारलं, "तुमच्या मागं तो बसनार काय मी?" असं विचारल्यावर नवरा काय उत्तर देणार? त्याने गाडी काढली. सातविणीपर्यंत जाऊन परत फिरला आणि बंदराच्या कडेच्या उतारावरून गाडी हळूहळू वाळूत घातली. लाट आली आणि पुढच्या चाकाखाली फेस शिरला.

गोदूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. नारळ छातीशी धरलेला. तिने गाडीच्या मागच्या सीटकडे, जिथे कुणी दिसत नव्हतं तिथे, अगदी डोळ्याला डोळा भिडवल्यासारखं बघितलं.

"उतर रे दाजी. वाळू लागली. घर आलां."

वारा पडला. मग टक्कन आवाज झाला आणि मागचा डावा फूटरेस्ट आपोआप मिटला. पाठोपाठ उजवा. गाडीचं मागचं चाक वाळूतून बोटभर वर आलं. आणि ओल्या वाळूवर एक पाऊल उमटलं. मग दुसरं. अनवाणी, फेंगडी, दाजीची. गाडीपासून निघून ती पावलं घराच्या वाटेला लागली आणि कोरड्या वाळूपाशी दिसेनाशी झाली. आनंदा हँडलवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

त्या रात्री घरात वर्षानंतर मोकळेपणा होता. गोदूबाई दोन घास जास्त जेवली. आनंदा हिराला म्हणाला, "उद्या बाजार करून लवकर येतंय. तुला सड्यावर नेतंय." हिराने हिरवं लुगडं काढून ठेवलं.

सकाळी तो गाडीवर बसला तेव्हा त्याने एकदा मागे वळून सीटकडे बघितलं. "लयच हलकी झाली गो," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी तो आला नाही. एस्टीतून उतरलेल्या माणसांनी निरोप आणला. सातविणीचं वळण. सकाळी जाताना तो तिथे पाय टेकत, जपून गेल्याचं कुणी बघितलं होतं. आता बाजार करून परत येत होता, टोपल्या रिकाम्या होत्या, रस्ता कोरडा होता. लवू गाडी आणायला गेला तेव्हा रस्त्यावर वाकून वाकून बघून आला. परत आल्यावर हिराने त्याला अडवलं.

"भावजी, सांगा."

"वैनी, ब्रेक चांगला हाय. मी दाबून बगितला." लवूने मान खाली घातली. "त्यानं दाबलाच नाय. सरळ गेलाय. वळन नसल्यासारका."

हिराला कळलं. तो वळणाकडे बघतच नव्हता. तो खांद्यावरच्या थापेची वाट बघत होता.

त्या दिवसापासून हिराने बोलणं टाकलं. गोदूबाईने तिला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि हिराला तेच सहन होईना. म्हातारी कोपऱ्यात बसून भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणायची, "एकाला घरात घेतला, एकाला घालवला." लवूने पुन्हा एकदा गाडी सरळ केली आणि पडवीत आणून लावली. बाराव्याला आपणच आनंदाला घेऊन येऊ, असं त्याने गोदूबाईला सांगितलं. घरात पुरुष उरला नव्हता.

हिराच्या मनात दुसरंच होतं. तिच्यामुळे गेला, तर तिनेच आणायला हवा. लवूच्या हाकेला तो येईल, पण लवूच्या मागे बसून. तिला तो तिच्या मागे बसलेला हवा होता, सड्यावर बसायचा तसा. एकदा, बंदरापर्यंत. वाळू लागली की उतरायचाच होता तो.

बाराव्याच्या आदल्या दुपारी, गाव जेवून आडवा झाल्यावर, तिने पडवीतली गाडी ढकलत नाक्याबाहेर नेली आणि किक मारली. दुसऱ्या किकेला ती सुरू झाली. घाटी चढून वर आली तर सडा होता तसाच होता. कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं, आणि ऊन असं, की लांबचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. कुठे माणूस नाही, गुरं नाहीत, कावळ्याचा आवाज नाही. गाडी पळायला लागली, वारा तोंडावर आला, आणि हिराच्या लक्षात आलं की तिला बरं वाटतंय. नवऱ्याला जाऊन बारा दिवससुद्धा झाले नव्हते आणि तिच्या अंगावर तोच पूर्वीचा काटा येत होता. तिला स्वतःची शरम वाटली, पण तिने गाडी हळू केली नाही.

वास आधी आला. मग सातवीण दिसली. झाडाखाली रस्त्यावर पांढरी फुलं पडली होती आणि त्यांच्यात काचेचे बारीक तुकडे चमकत होते.

"अवो..." तिने हाक मारली. "चला घरी... मी आलंय न्यायला."

काही झालं नाही. ती हळूच वळणावरून पुढे गेली, वळून परत आली. गाडी हलकीच होती. तिने मागे बघितलं नाही, रीत तिला माहीत होती. पण तो आला की नाही हे कसं कळणार? मग तिला वाटलं, आपण हळू जातो आहोत म्हणून. हळू जाणाऱ्याला कोण थोपटतं? थाप कधी पडते? वेग असला तर.

ती सड्यावर लांबपर्यंत मागे गेली आणि गाडी वळवून जोरात आली. ऐन वळणाशी तिने स्वतःच हळू केलं, आणि खांद्यावर काहीच जाणवलं नाही. ती पुन्हा मागे गेली. आता तिने ठरवलं, थाप पडेपर्यंत हळू करायचं नाही. तो असेल तर थोपटेलच. तो तिला मरू देईल काय?

गाडी सुसाट सुटली. वास आला, फुलं आली, रस्ता उजवीकडे फिरायला लागला आणि हिरा सरळ समोर समुद्राकडे बघत म्हणाली, "आता... आता थोपटा..."

आणि डाव्या खांद्यावर हात पडला. एक थाप. दुसरी. पुढे आलेल्या बोटांत एक बोट अर्धंच होतं. हिराला इतका आनंद झाला की ती मोठ्याने ओरडली, लग्नानंतर पहिल्यांदा सड्यावर ओरडली होती तशी.

त्यानंतर रस्ता फार सोपा झाला. गचके नाहीत, खड्डे नाहीत. गाडी घाटी उतरून बंदराला लागली, उतारावरून वाळूत शिरली, आणि समोर गोदूबाई नारळ घेऊन पाण्यात उभी होती. हिराला बरं वाटलं. पण म्हातारीला सांगितलं कुणी? आपण तर न सांगता निघालो होतो. किनाऱ्यावर बरीच माणसं होती, बायका डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. आणि आत्ता तर दुपार होती ना, मग दिवा का लावलाय?

"सुतकात सुतक आला," कुणीतरी कुजबुजलं. "ल्येकाचा बारावा व्हायच्या आदी सून गेली. त्याच वळनावर. आता दोगांना एकदम आनलाय."

हिराने आपल्या हातांकडे बघितलं. हातांत हँडल नव्हतं.

ती मागे बसली होती, एका बाजूला पाय सोडून, बाया बसतात तशी. तिचा उजवा हात पुढच्या माणसाच्या उजव्या खांद्यावर होता. ती पाठ लवूची होती. लवू समोर बघत होता, त्याच्या मानेवर घाम होता. त्याच्या डाव्या खांद्यावर दुसरा एक हात होता. तो तिच्या मागून आलेला होता.

चाकाखाली लाट आली.

"उतर रे आनंदा," गोदूबाई म्हणाली. तिचा आवाज झिजून गेला होता. "वाळू लागली. घर आलां."

मग तिने मान किंचित वळवली आणि सरळ हिराच्या डोळ्यांत बघितलं.

"उतर गो हिरा. वाळू लागली. घर आलां."

हिराला उतरायचं नव्हतं, असं नाही. समोर घराची वाट होती. वाटेच्या टोकाला उंबरा होता, आणि त्यापलीकडे एक रिकामी पडवी, भिंतीकडे तोंड करून बसणारी एक म्हातारी. आणि पुढची वाट म्हणतात ती प्रत्येकाची वेगळी असते, उतरल्यावर आनंदाची आणि तिची ताटातूट होणार, हे तिला आजच कुणी न सांगता कळलं होतं. मागच्या माणसाच्या दुसऱ्या हाताने तिचा खांदा घट्ट धरला. हिरा हलली नाही.

लोकांनी ऐकलं, की गोदूबाई ते बोल पुन्हा पुन्हा म्हणत होती. फूटरेस्ट मिटले नाहीत. वाळूवर पाऊल उमटलं नाही. भरती ओसरली, गाडीची चाकं कोरडी पडली, तरी म्हातारी तिथेच उभी राहून बोलत होती, आणि शेवटी नुसतेच ओठ हलत होते. दोन बायकांनी तिला धरून घरी नेलं. त्या घरात त्यानंतर तिच्याशिवाय कुणी राहिलं नाही.

लवूने गाडी पुन्हा चालवली नाही. गॅरेजच्या मागे नेली, टाकीतलं पेट्रोल सांडून टाकलं, चाकं काढली आणि वर ताडपत्री घातली. रात्री त्याची बायको हौसा सदरा धुवायला घेऊन बसली, तर दोन्ही खांद्यांवर काळे पंजे. उजवीकडचा बारीक, बाईमाणसाचा. डावीकडच्यात एक बोट अर्धं. तिने सदरा चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी लवूने ट्रंकेतला कोरा सदरा घातला. त्या दिवशी त्याने कुठल्याच गाडीला हात लावला नाही, गॅरेजही उघडलं नाही. गावातल्या बाजारापर्यंत पायी गेला आणि पायीच परत आला. घरात शिरताना हौसाने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातलं तांब्याभर पाणी तसंच राहिलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "खांदं बगा..."

"म्हायतेय," लवू म्हणाला. "दर वळनावर दोगां थोपटत हुती."